हात तुझे, पाय माझे

पायलट व्हायचे रस्ते किती, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ते सगळे आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडून झाले, त्यांच्यावरून भांडणं झाली, चहा सांडला, रुसवेफुगवे झाले. आणि मी स्वतः कोण, तर डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावणारी बाई. विमान पाहिलं ते गच्चीवरून, तेही मान अवघडेपर्यंत. पण घरातलं एखादं पोर कशानं तरी झपाटलं की ते वेड सगळ्या घराला शिकावंच लागतं.

ते पोर म्हणजे माझी भाची, भोंगी. हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा असा काही सूर लावला की शेजारच्या कारखान्यातले लोक जेवणाची सुट्टी झाली समजून बाहेर आले, असं माझा भाऊ सांगतो. तो तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगतच नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आवाजही तसाच राहिला.

माझा भाऊ, म्हणजे दादा, ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. घराच्या खालच्या खोलीत त्याचं ऑफिस. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात कापून उघडं केलेलं एक इंजिन आणि दारात शिकवायची गाडी. त्या गाडीत मास्तरच्या बाजूलाही क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर असे सगळे पायांनी दाबायचे दांडे आहेत. सगळं गाव त्याला मास्तरच म्हणतं. निम्म्या गावाला त्यानं गाडी शिकवली आणि उरलेल्या निम्म्याला कशी शिकायला हवी होती ते ऐकवलं.

त्याची शिकवायची एक पद्धत आहे आणि तिच्याबद्दल त्याला भयंकर अभिमान. नवा माणूस आला की पहिले कितीतरी दिवस त्याला फक्त स्टिअरिंग द्यायचं. खालचं सगळं दादा आपल्या बाजूनं सांभाळणार. "हात तुझे, पाय माझे," हे त्याचं ब्रीदवाक्य. माणसाची भीती पायात असते आणि अक्कल हातात, आधी अक्कल तयार करावी, भीती मग आपोआप जाते, असं त्याचं तत्त्वज्ञान. मला कधी पटलं नाही, पण त्याच्या हाताखालून गेलेले लोक गाडी झक्क चालवतात हे कबूल करायला हवं.

भोंगी या पद्धतीवरच वाढली. पाय खाली टेकत नव्हते तेव्हापासून मोकळ्या मैदानात ती दादाच्या गाडीचं स्टिअरिंग धरून बसायची आणि गाडी सुईत दोरा ओवावा तशी दोन दगडांमधून काढायची. लायसन्स मिळाल्यावर तर ती बायकांना शिकवायलाच लागली. बायका खूश, कारण दादा फार ओरडतो. भोंगीही ओरडायची, पण तिच्या ओरडण्याला त्या हसायच्या.

आणि एके दिवशी ध्यानीमनी नसताना, बारावी संपल्या संपल्या, ही बया जेवता जेवता म्हणाली, "मला पायलट व्हायचंय."

वहिनी म्हणाली, "आधी ते ताट उचल."

ताट उचललं गेलं, पण विषय काही उचलला गेला नाही. मग सुरू झाली रस्त्यांची शोधाशोध. पहिला रस्ता हवाई दलाचा. तिथं फी तर नाहीच, उलट तेच पगार देतात, असं कळल्यावर दादा एकदम देशभक्त झाला. लेखी परीक्षा भोंगीनं पटकन काढली. मग निवडीला बोलावलं. तिथं गटागटानं कामं करायची असतात, दोऱ्या आणि फळ्या घेऊन खड्डा ओलांडायचा वगैरे. हिनं गटातल्या सगळ्यांना अशा सूचना दिल्या, जणू ते लायसन्सच्या परीक्षेलाच आलेत. साहेबांनी शांतपणे घरी पाठवलं. "पण खड्डा ओलांडून दिला की नाही मी?" असं ती कितीतरी दिवस म्हणत होती.

दुसरा रस्ता मोठ्या विमान कंपनीचा. परीक्षा द्या, मुलाखत द्या, निवड झाली की कंपनीच शिकवणार आणि पुढं नोकरीही देणार. ऐकायला मधासारखं गोड. त्याची माहिती द्यायला एक सल्लागार होता, त्याच्या गारेगार केबिनमध्ये आम्ही सगळे अंग चोरून बसलो. त्यानं बोलता बोलता फीचा आकडा एका कागदावर लिहिला आणि कागद हळूच वहिनीपुढं सरकवला. वहिनीनं तो वाचला आणि भाबडेपणानं विचारलं, "हा तुमचा फोन नंबर का?"

तिसरा रस्ता वहिनीचा स्वतःचा होता. आधी कॉलेज कर, पदवी घे, हाताशी काहीतरी असू दे, मग काय उडायचं ते उड. तिचंही काही चूक नव्हतं. मुलाखतीत पदवी विचारतातच की, आणि उद्या कानाला काही झालं, डोळ्याला काही झालं, तर पायलटला जमिनीवर बसवतात. मग खायचं काय? मी दवाखान्यात रोज पाहते. लाल-हिरव्या ठिपक्यांच्या तक्त्यातला आकडा दिसला नाही म्हणून किती पोरांचे चेहरे माझ्यासमोर उतरले आहेत. म्हणून माझी एकच अट होती. आधी डॉक्टरी तपासणी, मग बाकी सगळं. फी भरून बसायचं आणि मग डोळ्यांत दोष सापडायचा, असला उफराटा कारभार आमच्या घरात नको. भोंगीचे डोळे आमच्या डॉक्टरांनी तपासले, बाकीचं सगळं नेमून दिलेल्या ठिकाणी तपासून झालं. पोरगी ठणठणीत निघाली.

उरला चौथा रस्ता, फ्लाइंग क्लबचा. पैसे जमतील तसे तास उडायचं आणि मधल्या काळात अभ्यासाच्या परीक्षा द्यायच्या. रस्ता लांबचा, पण आपल्या पायांनी चालता येण्यासारखा. आमच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असा एक क्लब आहे, आणि साध्या घरातल्या एका मुलासाठी तिथं दरवर्षी अर्ध्या फीची एक जागा राखलेली असते. ती जागा भोंगीला मिळाली. त्या दिवशी दादानं गाडी दोनदा धुतली.

बायकांना गाडी शिकवून, कॉलेजचा अभ्यास बाहेरून करून आणि माझ्यापुढं धडे म्हणून दाखवून तिनं परीक्षा काढल्या. हवामान, नकाशे, नियम, सगळं. भाजी चिरता चिरता मी तिला प्रश्न विचारायचे. त्या नादात ढगांची नावं मलाच पाठ झाली. दवाखान्यात खिडकीबाहेर बघून मी एकदा कसलासा ढग ओळखला, तर डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला सुट्टी हवी आहे का?"

मग ती क्लबच्या हॉस्टेलवर राहायला गेली. तिला शिकवायला एक बाई होत्या. केस पांढरे, पाठ ताठ, बोलणं मोजकं. सगळे त्यांना कॅप्टनबाई म्हणत. पहिल्या फोनला भोंगी हवेतच होती. "आत्या, आभाळात असं वाटतं ना, की आपण कुणाच्या आड येतच नाही!" दुसऱ्या फोनला तिनं सांगितलं की विमान जमिनीवर हळूहळू चालवत नेतात त्याला टॅक्सी म्हणतात. दादा हे ऐकून इतका सुखावला की विचारू नका. "बघ! शेवटी सगळं गाडीवरच येतं."

तिथंच तर माशी शिंकली.

झालं होतं असं. त्या छोट्या विमानात हातात एक अर्धवट स्टिअरिंगसारखं चाक असतं. हवेत ते फिरवलं की विमान कलतं. पण जमिनीवर त्या चाकानं नाक वळत नाही, एवढंच काय, एक इंचसुद्धा वळत नाही. जमिनीवर विमान वळतं पायांनी. डावा पाय दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. आता ज्याला गाडी येत नाही तो हे चार दिवसांत शिकतो. पण भोंगीच्या हाडामासात काय मुरलं होतं? हात तुझे, पाय माझे. विमान जरा डावीकडे सरकलं की हिचे हात भर्रकन चाक उजवीकडे फिरवणार, आणि पाय आपले खाली पाहुण्यासारखे बसलेले. विमान जायचं ते थेट गवतात.

सुरुवातीला सगळे हसले. गाडी चालवणाऱ्या बऱ्याच मुलांचं असं होतं, कॅप्टनबाई म्हणाल्या. पण बाकीच्यांचं सुटलं आणि हिचं काही सुटेना. जित्याची खोड! टॅक्सीच्या वेळी जमायलाही लागलं होतं, कारण तेव्हा डोकं ठिकाणावर असायचं. पण विमान उतरलं, चाकं टेकली, बाजूनं वारा आला आणि नाक सरकलं, की डोकं बाजूला आणि हात पुढं. त्या वेगात ते हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. चाक भलतीकडे फिरलं की वाऱ्याच्या बाजूचा पंख उचलला जातो आणि विमान कलंडू शकतं. एकदा कॅप्टनबाईंनी वेळेवर सांभाळलं म्हणून निभावलं.

तिच्याबरोबरची मुलं एकेक करून एकटी उडून आली. एकट्यानं पहिल्यांदा उडणं हीच या रस्त्यावरची पहिली खरी पायरी. ते झालं नाही तर पुढचं काहीच नाही. भोंगी मागेच राहिली. शेवटी क्लबच्या मुख्य साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, की थोडे दिवस घरी जा, आराम कर, परत आलीस की मी स्वतः तुझ्याबरोबर बसेन. तेव्हा जमलं तर ठीक, नाही तर अर्ध्या फीची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल. साहेब वाईट नव्हते. हवेत त्यांना पोरीचा जीव सांभाळायचा होता, त्यात दयामाया काय कामाची?

हे सगळं तिनं मला सांगितलं ते दवाखान्यात, पेशंटच्या बाकावर बसून. आणि पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात, की मला पुढं वाकून ऐकावं लागलं. ती जागा गेली असती तर पूर्ण फी भरणं आम्हाला जन्मात शक्य नव्हतं. चौथ्या रस्त्याच्या पुढं पाचवा नव्हता.

"आणि आत्या, कॅप्टनबाईंनी सांगितलंय, परत येईपर्यंत कुठल्याही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाबांना कसं सांगू?"

बाबांनी तोवर चावी तिच्यासाठी टेबलावर काढूनच ठेवली होती. लेक थकून आलीय, जरा गाडी फिरवली की मन मोकळं होईल, असा त्याचा साधा हिशेब. जेवायच्या आधी तो म्हणाला, "चल, मैदानावर चार चकरा मारून येऊ."

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, गवतापासून साहेबांपर्यंत. दादा ऐकत होता आणि चावी बोटात फिरवत होता. ती थांबली तशी चावीही थांबली.

"म्हणजे मी शिकवलेलं विसरायचं," तो म्हणाला.

"तसं नाही हो बाबा. थोडे दिवस फक्त..."

"कशाला थोडे दिवस? कायमचंच विसर ना. बापानं सगळं चुकीचंच शिकवलंय! आख्खं गाव शिकलं त्या पद्धतीनं, आणि आता ती विमानवाली बाई मला सांगणार!"

"दादा, तिनं तुला काही सांगितलेलं नाही, तिनं पोरीला सांगितलंय," मी मध्ये पडले. "आणि विमान हे तुझ्या गाडीचं पिल्लू नव्हे."

"तू गप्प बस. तुला सायकल तरी येते का?"

हे मात्र खरं होतं, त्यामुळे मी जास्तच चिडले. वहिनीनं वाढायला घेतलं. त्या जेवणात फक्त भांडी बोलत होती.

दोन दिवस तो भोंगीशी धड बोलला नाही. रागापेक्षा ते दुखणं होतं, हे मला दिसत होतं. आयुष्यभर त्यानं एकच गोष्ट उत्तम केली, ती लेकीच्या हातात दिली, आणि आता तीच लेकीच्या वाटेत आडवी आली होती. कुठल्या बापाला हे सहज गिळवेल? त्याच्यावर चिडलेली असूनही मला त्याचं वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणून आणखी चीड येत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मागच्या अंगणात ठोकाठोक सुरू झाली. दादानं क्लासला सुट्टी दिली होती, जे तो ताप आला तरी करत नाही. संध्याकाळी मी दवाखान्यातून आले तर अंगणात एक गाडा उभा. बसायला रुंद फळी, मागं दोन चाकं, पुढं एक आडवी दांडी, ती मधोमध एका बोल्टवर फिरणारी, तिच्या दोन टोकांना दोन चाकं. हातात धरायला काही म्हणजे काहीच नाही.

"बस," तो भोंगीला म्हणाला. "पाय दांडीवर. पायानंच वळवायचं. तुझी बाई काय शिकवेल, मी शिकवतो तुला पाय!"

आमच्या घरामागची गल्ली उताराची आहे. भोंगी बसली, दादानं मागून ढकललं आणि गाडा खडखडत निघाला. ती गेली थेट शेजाऱ्यांच्या कुंपणावर. दादा हसला, "होईल, होईल, सवय होईल." मला वाटलं, चला, बापलेकीचं जुळलं. वहिनीनं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशीही तो प्रत्येक वेळी उताराच्या टोकापर्यंत धावत जाऊन गाडा ओढून वर आणत होता. घामाघूम, पण काय खूश!

खूश नव्हती ती भोंगी. हसत होती, पण गाड्यावरून उतरली की आपल्या पायांकडे बघायची, जणू ते दुसऱ्याचे आहेत. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय झालं गं?"

"आत्या, हे उलटं आहे."

"काय उलटं आहे?"

"या गाड्यात डावा पाय पुढं ढकलला की दांडीचं डावं टोक पुढं जातं, म्हणजे गाडा वळतो उजवीकडे. विमानात डावा दाबला की डावीकडे. आधी माझे पाय नुसते झोपलेले होते. आता ते जागे होऊन चुकीचं शिकायला लागलेत."

मला समजायला पाणी पिण्याइतका वेळ लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

"मग सांग की त्याला!"

"कसं सांगू? त्या दिवशी सांगितलं, की तुमचे हात चुकले. आज सांगू, की पायही चुकले?" तिचे डोळे भरले. "आत्या, ते धावतात बघ ना माझ्यामागं. या वयात."

"तू नाही सांगितलंस तर मी सांगते."

"नको. तू सांगितलंस तर भांडण होईल."

तेही खरंच. मग बाहेर दादाची हाक आली, "भोंगे, चल, उजेड आहे तोवर दोन चकरा!" ती उभी राहिली. तिला वाटलं असतं तर ती गप्प बसून, बापाचं मन राखून, तो गाडा चालवत राहिली असती आणि परीक्षेत पडली असती. तसं करणाऱ्या मुली मी कमी पाहिल्या नाहीत. ती अंगणात गेली, गाड्यावर बसली नाही, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, गाडा उलटा आहे."

तिनं त्याला समजावून सांगितलं. दादा गाड्यावर बसला, पाय दांडीवर ठेवले, डावा ढकलला, उजवा ढकलला. पुन्हा डावा. मी दारात उभी. आता आकाशपाताळ एक होणार, याची मला खात्री होती.

"ह्यॅ! एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही होय?" तो म्हणाला. मग आवाज उतरला. "दोन दिवस तू बोलली नाहीस."

"तुम्ही इतकं केलंत म्हणून..."

"शिकणाऱ्यानं चूक सांगितली नाही तर मास्तरला कशी कळणार? इतकी वर्षं मी कुणाला काही सांगू दिलं असेल का, कोण जाणे." असं म्हणून तो हातोडा घेऊन वाकला, म्हणजे चेहरा दिसू नये.

त्यानं पुढं पायांसाठी दोन सुट्या फळ्या बसवल्या आणि त्यांच्यापासून दांडीच्या टोकांना दोर बांधले, पण फुली मारल्यासारखे आडवे, डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे. दाबून पाहिलं. डावा पाय, डावीकडे. मग तो बाजूला सरकून भोंगीला बस म्हणणार, एवढ्यात तीच म्हणाली, "आधी तुम्ही बसा."

"मी?"

"तुम्ही. हात मांडीखाली दाबून ठेवा."

मग त्या उतारावर जो तमाशा झाला तो आख्ख्या गल्लीनं पाहिला. गाडा सुटला की दादाचे हात मांडीखालून निसटायचे आणि हवेतलं नसलेलं स्टिअरिंग गरागरा फिरवायचे. मागून भोंगी धावत ओरडायची, "हात! हात! पाय हो, बाबा, पाय!" गाडा गेला वाळत घातलेल्या कपड्यांत. दादा शेजारणीच्या चादरीत गुंडाळून बाहेर आला. शेजारीण म्हणाली, "मास्तर, लायसन्स आहे का?" मी हसून हसून पायरीवरच बसले.

"अवघड आहे गं हे," दादा म्हणाला. हा शब्द मी त्याच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

घरी होती तितके दिवस रोज संध्याकाळी तिनं त्याला शिकवलं, आणि मध्ये मध्ये तो तिला ढकलायचा. गंमत अशी, की दुसऱ्याचे हात कुठं चुकतात ते बघता बघता तिचे स्वतःचे हात शांत होत गेले. शिकवल्याशिवाय या पोरीला काही येतच नाही, अगदी बापावर गेली आहे. जायच्या आदल्या संध्याकाळी ती उतारावरून सरळ रेषेत खाली गेली, दोन्ही हात मांडीवर, जणू फोटोला बसली आहे. दादाला मात्र शेवटपर्यंत जमलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं दादाच्या गाडीतूनच गेलो. मागं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा'. फाटकावरच्या रखवालदारानं ते वाचलं आणि आम्हाला दोनदा विचारलं, इथंच यायचं होतं ना? कॅप्टनबाई आम्हाला तारेच्या कुंपणापाशी घेऊन गेल्या. खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फुगून आडवी झाली होती. वारा धावपट्टीला अगदी आडवा होता.

"असाच नेमका आज यायचा होता," मी म्हणाले.

"आजचाच बरा," कॅप्टनबाई म्हणाल्या. "यात जमलं तर जमलं."

मुख्य साहेब भोंगीच्या शेजारी बसले आणि विमान निघालं. वर गेलं, फिरून आलं, उतरलं, पुन्हा गेलं. बाकी लोक मान वर करून बघत होते. दादा वर बघतच नव्हता. विमान आभाळात असलं की तो धावपट्टीकडे बघत उभा राहायचा, आणि चाकं टेकली की दोन्ही मुठींत कुंपणाची तार. वहिनीनं तर डोळेच मिटले होते.

तिसऱ्यांदा उतरल्यावर विमान वर गेलं नाही. हळूहळू बाजूला आलं, थांबलं आणि त्याचं दार उघडलं.

"झालं," दादा म्हणाला. "उतरवलं तिला." त्याचा चेहरा असा पडला की मी त्याचा दंड धरला. इतकी वर्षं, ते सगळे रस्ते, ढगांची नावं, भाजी चिरतानाचे ते प्रश्न, सगळं त्या उघड्या दारात येऊन संपलं, असं मलाही वाटलं.

दारातून पाय बाहेर आले. मग गुडघे, मग पांढरी मिशी. उतरले होते ते साहेब. त्यांनी आत वाकून काहीतरी सांगितलं, दार लावलं, थोपटलं आणि वाऱ्यात टोपी धरून आमच्याकडे चालत यायला लागले. विमान पुन्हा हललं. आत एकटी भोंगी होती.

"एकटीला पाठवलं?" वहिनीनं डोळे उघडून विचारलं आणि पुन्हा मिटले.

ती गेली, चक्कर मारून आली. खाली येताना विमान वाऱ्यानं डुलत होतं. चाकं टेकली. आणि टेकल्या टेकल्या वाऱ्याचा असा झोत आला की नाक सरकलं, मला कुंपणापासूनही दिसलं इतकं सरकलं. नाक क्षणभर तसंच राहिलं, आणि मग, कुणा घाई नसलेल्या माणसानं वळावं तसं, पुन्हा रेषेवर आलं. पंख उचलला गेला नाही. विमान सरळ, शहाण्यासारखं, मधल्या रेषेवरून धावत गेलं आणि थांबलं.

कॅप्टनबाई टाळ्या वाजवत होत्या. मी रडत होते, ते काही लपवण्यासारखं नाही. बाईंनी दादाकडे हात पुढं केला आणि म्हणाल्या, "मास्तर, अभिनंदन! मुलगी तुमच्याच हाताखाली तयार झालीय ना. दिसतं ते."

दादानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. आयुष्यात कुणी त्याच्या शिकवण्याचं नाव काढलं की तो तासभर बोलतो. आता बोलणार, म्हणून मी डोळे पुसून तयार झाले.

"नाही हो बाई," तो म्हणाला. "मी शिकवलेलं सगळं विसरली ती. म्हणून तर आली परत धड." आणि इतक्या अभिमानानं म्हणाला, की मला त्याच्याकडे बघवेना.